गाठी आपल्या हातच्या : मण्यांचे मायक्रो मॅक्रमे दागिने आणि घरातला आपला वेळ

वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत एकदा मी हातातले ब्रेसलेट काढून मधोमध ठेवले. बारीक नायलॉन दोऱ्याच्या गाठी आणि त्यांत ओवलेले निळे मणी, एवढेच. पहिला प्रश्न आला, "ताई, याचे डझनाला किती मिळतात?" मी म्हणाले, "काहीच नाही. मी माझ्यासाठी केलंय." थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक मावशी हसत म्हणाल्या, "मग करायचं कशाला?"

मावशींचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. त्यांनी अनेक वर्षे घरी बसून इमिटेशन ज्वेलरीचे काम केले आहे. माल आणून देणारा माणूस पिशवी टाकून जायचा, पिशवीत मणी, तार, हुक. डझनामागे मोजके रुपये. हजारो माळा त्यांच्या हाताखालून गेल्या, त्यातली एकही त्यांच्या गळ्यात आली नाही. ज्या हातांना मणी म्हणजे फक्त मजुरी हेच माहीत आहे, त्या हातांना "छंद" हा शब्द परका वाटला तर नवल नाही. म्हणूनच हा लेख दोन गोष्टींसाठी आहे : ही कला नेमकी कशी करायची ते सांगणे, आणि ती "कशाला करायची" याचे उत्तर शोधणे.

मायक्रो मॅक्रमे म्हणजे काय?

मॅक्रमे म्हणजे सुई, हुक किंवा माग न वापरता केवळ हाताने गाठी मारून केलेले विणकाम. ऐंशी-नव्वदच्या दशकात आपल्याकडे अनेक घरांत जाड दोरीचे झोपाळे, कुंडी टांगायच्या जाळ्या आणि शोभेची तोरणे व्हायची, ते मॅक्रमेच. तेच काम साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक दोऱ्यावर केले की त्याला मायक्रो मॅक्रमे म्हणतात. दोरा बारीक असल्याने त्यात मणी ओवता येतात आणि ब्रेसलेट, कानातले, गळ्यातले असे दागिने तयार होतात.

या शब्दाचे मूळ अरबीत असल्याचे सांगितले जाते. कापडाच्या कडेला सुटलेल्या धाग्यांना गाठी मारून झालर करण्याच्या कामातून ही कला वाढली. लांबच्या प्रवासात खलाशांनीही ती जोपासली. इंग्लंडमध्ये १८८२ साली मॅक्रमे लेस शिकवणारे 'सिल्व्हियाज बुक ऑफ मॅक्रमे लेस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मला सर्वांत जवळची वाटते ती इटलीतल्या तुरीन शहराची गोष्ट. तिथे व्हॅलेंटिना काव्हांडोली या शिक्षिका मुलांच्या एका संस्थेत मुलांना गाठी मारायला शिकवत. दोन रंगांत घट्ट गाठी मारून नक्षी उठवण्याची पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दोरा आणि दोन हात एवढ्या भांडवलावर शिकवता येणारी ही गोष्ट आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्याकडेही हे ज्ञान नवे नाही. दागिना रेशमात ओवून, गाठी मारून तयार करण्याला मराठीत "गाठवणे" असा नेमका शब्द आहे. ते काम पटवेकऱ्यांचे. मात्र आपल्याकडच्या इतर अनेक कौशल्यांप्रमाणे हेही कुळात बांधलेले राहिले. बाहेरच्याने शिकायचे म्हटले तर शिकवणार कोण? आज मोबाइलवर कोणाचीही मुलगी हे काम पाहून शिकू शकते. कौशल्याची दारे अशीही उघडतात.

साहित्य काय लागते?

दुकानात "मॅक्रमे किट" मागू नका, महाग पडते. सुरुवातीला एवढे पुरे :

दोरा : ०.५ मिमी जाडीचा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा पिळाचा दोरा. साधा सुती दोरा लवकर मळतो, सैलावतो, आणि त्याची टोके वितळवून बंद करता येत नाहीत.

मणी : काचेचे छोटे मणी. पाकिटावर ११/०, ८/०, ६/० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका मणी लहान. ११/० चा मणी सुमारे २ मिमी, ८/० चा सुमारे ३ मिमी आणि ६/० चा सुमारे ४ मिमी असतो. नवशिक्यांनी ६/० घ्यावेत. घेताना आकारापेक्षा भोक पाहा. दोन दोरे एकदम जायचे असतील तर ०.५ मिमीच्या दोऱ्याला किमान १ मिमीपेक्षा थोडे मोठे भोक हवे. सोबत दोऱ्याचा तुकडा घेऊन जा आणि दुकानातच ओवून पाहा.

पाट : परीक्षेला नेतो ते क्लिपचे पॅड. दोरे क्लिपमध्ये अडकवायचे की हात मोकळे.

बाकी : धारदार कात्री, मोजपट्टी, लायटर, पारदर्शक नेलपॉलिश.

मुंबईत भुलेश्वर आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी इथे हे सगळे मिळते. जपानी आणि चेक मणी आकाराने एकसारखे असतात, पण महाग. उत्तर प्रदेशातील पुरदिलनगरसारख्या ठिकाणी काचेचे मणी बनवणाऱ्या कारागिरांची मोठी परंपरा आहे. आपले देशी मणी थोडे कमी-जास्त आकाराचे निघतात, तेव्हा ओवण्याआधी ताटलीत पसरून एकसारखे वेचून घ्यावेत. तांदूळ निवडणाऱ्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही.

तीन गाठी पुरेशा आहेत

पहिली, दोरा अडकवायची गाठ. दोरा मधोमध दुमडा, दुमड आडव्या दोऱ्यामागे धरा आणि दोन्ही टोके त्या फासातून ओढून घ्या. किल्लीला गोफ अडकवतो तशीच.

दुसरी, चौकोनी गाठ. चार दोरे समोर घ्या. मधले दोन ताणलेले राहतात, काम बाजूचे दोन करतात. डावा दोरा मधल्या दोघांवरून उजवीकडे न्या आणि उजव्या दोऱ्याच्या खाली ठेवा. आता उजवा दोरा मधल्या दोघांच्या खालून डावीकडे न्या आणि डाव्या बाजूच्या फासातून वर काढा. ओढा. ही अर्धी गाठ. आता हेच उलट बाजूने करा : उजवा दोरा मधल्या दोघांवरून डावीकडे, डाव्याच्या खाली. डावा मधल्यांच्या खालून उजवीकडे आणि फासातून वर. ओढा. गाठ पूर्ण झाली. प्रत्येक वेळी एकाच बाजूने अर्धी गाठ मारत राहिलात तर पट्टी आपोआप पिळत जाते. तीही सुंदर दिसते, पण चुकून झाली तर समजावे की बाजू बदलायला विसरलो.

तिसरी, दुहेरी वेढ्याची गाठ. एक दोरा तिरका ताणून धरायचा आणि दुसऱ्या दोऱ्याने त्याला दोनदा वेढा घालून आवळायचे. पाने, लाटा, तिरक्या रेघा असे जे आकार मायक्रो मॅक्रमेत दिसतात ते याच गाठीचे. ही दुसऱ्या-तिसऱ्या दागिन्यासाठी ठेवा.

दोरा बारीक असल्याने चुका दिसत नाहीत. म्हणून आधी जाड सुतळीवर किंवा लोकरीवर वीस-पंचवीस चौकोनी गाठी मारून हात बसवावा.

पहिले ब्रेसलेट

१. मनगट मोजा. १५-१६ सेंमीच्या मनगटाला गाठींची पट्टी १४ सेंमी पुरते, बाकी जागा सरकत्या बंदाची.

२. मधले दोन दोरे प्रत्येकी ४५ सेंमीचे कापा. कामाचा दोरा २ मीटरचा कापा. मधल्या दोऱ्यांच्या खालच्या टोकांना नेलपॉलिश लावून वाळू द्या. टोक सुईसारखे कडक होते आणि मणी सहज ओवला जातो.

३. मधले दोरे क्लिपमध्ये अडकवा, वर १२ सेंमी शेपूट सोडा. कामाच्या दोऱ्याचा मध्य त्यांच्या मागे ठेवा. आता डावीकडे एक मीटर, उजवीकडे एक मीटर दोरा आला. तीन चौकोनी गाठी मारा.

४. मधल्या दोन्ही दोऱ्यांत मिळून एक मणी ओवा, वर सरकवा. बाजूचे दोरे मण्याच्या दोन्ही अंगांनी खाली आणा आणि तीन गाठी मारा. पुन्हा मणी, पुन्हा तीन गाठी. अठरा-वीस मण्यांत पट्टी पूर्ण होते.

५. कामाचे दोरे मागच्या बाजूला २ मिमी ठेवून कापा. लायटरच्या ज्योतीच्या निळ्या भागाजवळ टोक क्षणभर न्या. पिवळ्या ज्योतीत काजळी धरते. वितळलेल्या नायलॉनला बोट लावू नका, ते कातडीला चिकटते.

६. दोन्हीकडच्या शेपट्या एकमेकींवर उलट दिशेने ठेवा आणि उरलेल्या ३० सेंमी दोऱ्याने त्या सगळ्यांना मिळून पाच-सहा चौकोनी गाठी मारा. हा सरकता बंद. शेपट्यांच्या टोकांना एकेक मणी ओवून गाठ मारली की त्या निसटत नाहीत.

पहिल्या ब्रेसलेटला दोन-तीन तास जातात. गाठी कुठे घट्ट, कुठे सैल होतील. हाताचा ताण एकसारखा यायला चार-पाच दागिने करावे लागतात. दिव्याखाली बसा, दर वीस मिनिटांनी नजर लांब न्या, मान मोकळी करा. घरात लहान मूल असेल तर मणी झाकणाच्या डबीतच ठेवा.

छंद की मजुरी?

आता मावशींच्या प्रश्नाकडे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८. म्हणजे जवळपास पाच तास विरुद्ध दीड तास. ज्या घरात बाईला स्वतःचा वेळच नाही, तिथे छंद कुठून येणार? आपण शिक्षण, नोकरी, प्रतिनिधित्व यांविषयी बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण फावल्या वेळाची वाटणीही विषम आहे, याविषयी आपल्या शिबिरांत क्वचितच चर्चा होते. बहीण गाठी मारत बसली असताना भावाने चहा ठेवला, तर त्या ब्रेसलेटमध्ये त्याचाही वाटा आहे.

दुसरी बाजू पैशांची. दोन-चार दागिने झाले की कोणीतरी म्हणतेच, "विकत का नाहीस?" विकायला हरकत नाही, पण हिशेब करून. समजा साहित्य २५ रुपयांचे आणि वेळ तीन तास. ब्रेसलेट १२० रुपयांना विकले तर तासाला ३२ रुपयेही पडत नाहीत. "घरीच तर बसली होतीस" असे म्हणून हा वेळ कोणी शून्य धरू नये. किंमत ठरवताना साहित्य, वाया गेलेले मणी, जाण्या-येण्याचा खर्च आणि तासाची मजुरी हे चारही कागदावर लिहा. ते परवडत नसेल तर विकू नका, भेट द्या. स्वस्तात विकल्याने तुमचेच नव्हे, याच कामावर पोट असलेल्या बाईचेही मोल पडते.

आणि कोणी "माल आम्ही देतो, तुम्ही फक्त बनवा" म्हणून आला, तर तो छंद राहत नाही, ती पीस रेटवरची मजुरी होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरबसल्या कामासाठी १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला, भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये घरी बसून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या मात्र आहे. दर लेखी घ्या, दिलेला आणि परत केलेला माल वहीत नोंदवा, एकटीने बोलण्याऐवजी गल्लीतल्या दहा जणींनी मिळून दर ठरवा. मावशींकडे अशी वही असती तर शेवटच्या महिन्याचे अडकलेले पैसे मागायला काहीतरी पुरावा राहिला असता.

दागिना कोणाचा?

काही तरुण कार्यकर्त्या विचारतात, आपण दागिन्यांत कशाला अडकायचे? प्रश्न योग्य आहे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जातीची खूण सांगणारे वेष आणि दागिने टाकून द्यायला सांगितले होते. कोणी काय घालावे आणि काय घालू नये हे दुसऱ्यांनी ठरवायचे, ती गुलामी होती. ती ओळखूनच आपल्या आज्यांनी जड दागिने उतरवले. स्वतःच्या हाताने केलेला, कर्ज काढायला न लावणारा, आवडला म्हणून घातलेला आणि नको झाला की काढून ठेवलेला मण्यांचा दागिना ही त्याच्या उलट गोष्ट आहे. निवड आपली आहे, घालण्याची आणि न घालण्याचीही.

त्या बैठकीनंतर आम्ही महिन्यातून एका रविवारी दुपारी गाठी मारायला बसतो. खर्च वाटून घेतो, पाकिटे एकत्र आणतो. बोलता बोलता रेशनकार्डापासून मुलीच्या वसतिगृहापर्यंत सगळे विषय निघतात. भाषणाच्या बैठकीला गप्प बसणाऱ्या बायका इथे बोलतात, कारण नजर दोऱ्यावर असते आणि कोणी कोणाकडे रोखून पाहत नसते. तुमच्या वस्तीत असे करायचे असेल तर पाच जणी, पाच परीक्षेची पॅड आणि दोन रंगांचा दोरा एवढ्यावर सुरुवात होते. मुलांनाही बसवा, बोटे त्यांनाही आहेत.

मावशींचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा वेगाने चालतो. त्यांनी पहिले ब्रेसलेट तासाभरात पूर्ण केले. "नातीला देणार का?" मी विचारले. त्यांनी मनगट पुढे केले आणि म्हणाल्या, "तिला दुसरं करीन. आधी हे बांध."