चिनी तंतुवाद्ये आणि मुलांची तालीम

शांघाय, हाँगकाँग किंवा सिंगापूर येथील सुस्थित चिनी कुटुंबात मूल पाच-सहा वर्षांचे झाले की त्याच्या हाती कोणते वाद्य द्यावे, याचा खल घरात सुरू होतो; आणि गेली कित्येक वर्षे या वादाचा निकाल पियानोच्या किंवा व्हायोलिनच्या बाजूने लागत आला असला, तरी गुझेंग, पिपा, एर्हू या स्वदेशी तंतुवाद्यांचा पक्ष मांडणारे आईबापही आता थोडे नाहीत. वाद्य ठरले म्हणजे शिक्षकाचा शोध आला. या शहरांत शिक्षक मुळीच न मिळण्याची पाळी सहसा कोणावर येत नाही. अडचण असते ती निवडीची. ही अडचण नीट उमगण्यासाठी वाद्यांची प्रकृती थोडी तरी समजून घेतली पाहिजे, कारण ज्या पालकाला वाद्य मुळीच कळत नाही त्याला शिक्षकाची पारखही करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभ गुझेंगपासून करावा, कारण लहान मुलांमध्ये त्याचाच बोलबाला अधिक. सुमारे सव्वापाच फूट लांबीची ही पोकळ लाकडी पेटी. तिच्यावर 21 तारा ताणलेल्या आणि प्रत्येक तारेखाली स्वतंत्र, मागेपुढे सरकवता येणारी घोडी. तेरा किंवा सोळा तारांचे जुने घाट मागे पडून हा एकवीस तारांचा घाट 1960 नंतर रूढ झाला. वाजवणारा बोटांना कृत्रिम नख्या चिकटपट्टीने बांधतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत हे नख्या बांधण्याचे काम तालमीपूर्वी आईकडे येते. मराठी वाचकाला या वाद्याची ओळख एका वाक्यात पटावी अशी गोष्ट म्हणजे त्याची जुळणी: ते परंपरेने सा, रे, ग, प, ध या पाच स्वरांतच लावतात, म्हणजे संपूर्ण वाद्य भूपात लावलेले असते. त्यामुळे नवख्या मुलाने तारांवरून नुसता हात फिरवला तरी कर्णकटू असे काही निघत नाही, आणि पहिल्या महिन्यातच घरच्यांना ऐकवण्याजोगी एखादी धून त्याच्या हाती लागते. स्वरलेखन अंकांत असते. षड्जाला 1, ऋषभाला 2 असे सात अंक आणि सप्तक दाखवण्यासाठी वर वा खाली टिंबे, शिवाय षड्ज हवा त्या उंचीवर धरण्याची मुभा. ही पद्धत मूळची फ्रान्समधील, जपानमार्गे विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमध्ये आलेली. परंतु सरगम ज्याच्या कानावरून गेली आहे त्याला ती तासाभरात वाचता येईल.

मात्र हे सौलभ्य जितके आकर्षक तितकेच फसवे आहे. भूपात न बसणारे मध्यम आणि निषाद काढावयाचे तर घोडीच्या डाव्या अंगाला तार दाबून गंधाराचा मध्यम आणि धैवताचा निषाद करावा लागतो. दाब तसूभर कमी पडला तर स्वर उतरतो, अधिक झाला तर चढतो. मींड, आंदोलन, कंपन हे सारे व्यापार डाव्या हाताचे. उजव्या हाताने उत्पन्न केलेल्या नादाला डाव्या हाताने भाव द्यावयाचा, हे या वाद्याच्या शास्त्रातील मूलसूत्र आहे. आणि हनान, शानतुंग, छाओचौ, हाक्का इत्यादी प्रांतोप्रांतीच्या ज्या परंपरा सांगितल्या जातात त्यांच्यातील भेद पुष्कळसा या डाव्या हाताच्या वळणात सामावलेला आहे. छाओचौच्या परंपरेत तर दाबाच्या न्यूनाधिक्यानेच एका जुळणीतून निरनिराळ्या भावांच्या धुना निष्पन्न होतात. घाईच्या तालमीत सर्वप्रथम उपेक्षा होते ती याच हाताची, कारण उजव्या हाताची द्रुत कसरत श्रोत्यांना ताबडतोब दिसते आणि डाव्या हाताचे काम ऐकायला कान लागतो.

एर्हूची गोष्ट अगदी निराळी. दोनच तारा, त्यांच्यात षड्ज-पंचमाइतके अंतर, गजाचे केस कायमचे त्या दोन तारांच्या मधून ओवलेले, आणि बोटे टेकण्यासाठी खाली फळी नाही. तार अधांतरी, स्वराचे स्थान केवळ कानाने शोधावयाचे. पहिले वर्ष मुलाच्या आणि शेजाऱ्यांच्याही सहनशीलतेची परीक्षा पाहणारे असते. हे वाद्य एके काळी नाटकमंडळ्यांचे आणि रस्त्यावरच्या भिक्षेकऱ्यांचे समजले जाई. त्याला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून देण्याचे श्रेय ल्यू थियेनह्वा (1895–1932) यांचे. पेकिंग विद्यापीठात अध्यापन करीत असता त्यांनी एर्हूसाठी दहा स्वतंत्र रचना आणि 47 अभ्यासपाठ लिहिले, आणि 1927 मध्ये देशी संगीताच्या सुधारणेसाठी एक संस्था काढली. लोकसंगीत टिपून घेण्यासाठी पेकिंगच्या थियेनछियाओ बाजारात गेले असता त्यांना ज्वराची बाधा झाली आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते निवर्तले. आपल्याकडे 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून विष्णु दिगंबरांनी संगीताला समाजात जे स्थान मिळवून दिले, त्याच जातीचे हे कार्य होते. दुसऱ्या टोकाला वूशी गावचा अंध वादक ह्वा येनचुन, लोकांचा आबिंग. ताओपंथी मंदिरात वाढलेला, पुढे दृष्टी गमावून रस्त्यावर वाजवत फिरणारा हा कलावंत. 1950 च्या उन्हाळ्यात यांग यिनल्यू आणि त्साओ आनह या संगीतज्ञांनी त्याच्या सहा रचना ध्वनिमुद्रित केल्या, तीन एर्हूवरच्या आणि तीन पिपावरच्या; त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो मरण पावला. आज एर्हूच्या विद्यार्थ्याला उच्च इयत्तेत ज्या आबिंगशी झुंजावे लागते तो या सहा रचनांपुरताच शिल्लक आहे.

पिपा हे चार तारांचे, पडद्यांचे, मांडीवर उभे धरून वाजवावयाचे वाद्य. पाचही बोटांनी एकामागून एक आघात करून अखंड नाद राखण्याची त्याची क्रिया साधण्यास वर्षे लागतात, म्हणून कित्येक शिक्षक लहान मुलाला आधी ल्यूचिन हे त्याचे धाकटे भावंड देतात. यांगचिन बांबूच्या लवचिक काड्यांनी वाजवतात. आपल्या संतूरचे ते दूरचे नातलग.

सात तारांच्या गुचिनला मात्र या पंगतीत बसवणे मला प्रशस्त वाटत नाही. ते विद्वानांच्या एकांताचे वाद्य. त्याच्या प्राचीन लिपीत कोणत्या बोटाने कोणती तार कोठे धरावी हे सारे नोंदलेले असते, परंतु लय नोंदलेली नसते, ती गुरुमुखातूनच घ्यावी लागते किंवा वादकाने स्वतः चिंतनाने सिद्ध करावी लागते. त्याचा आवाज इतका मृदू की शेजारच्या खोलीत पोहोचत नाही. पाच वर्षांच्या पोराला त्याच्यापुढे बसवण्यात अर्थ नाही. दहा-बारा वर्षे वय झाल्यावर आवड दिसली तर पाहावे. 1977 मध्ये अमेरिकेने अंतराळात धाडलेल्या ‘व्हॉयेजर’ यानांवरील सुवर्णमुद्रिकेत क्वान फिंगहू यांचे गुचिनवादन आहे, आणि त्याच मुद्रिकेत गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवीही आहे, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

आता शिक्षणाच्या सोयींविषयी. चीनमध्ये शहरोशहरी ‘बालप्रासाद’ नावाच्या सरकारी संस्था आहेत. शांघायचा प्रसिद्ध बालप्रासाद सूंग छिंगलिंग यांनी 1953 मध्ये स्थापिला, आणि तो ज्या संगमरवरी हवेलीत भरतो ती कदूरी या ज्यू व्यापारी घराण्याची. या घराण्यातील एली कदूरी चीनमध्ये प्रथम आले ते मुंबईच्या ससून पेढीच्या नोकरीत. ज्या ससूनांचे नाव मुंबईच्या गोदीला आणि पुण्याच्या रुग्णालयाला आहे, तेच हे. हाँगकाँगमध्ये 1977 पासून सरकारचे स्वतंत्र संगीत-खातेच मुलांना चिनी व पाश्चात्य वाद्ये शिकवते. सिंगापूरची तजवीज मला सर्वांत समंजस वाटते: तेथील अनेक शाळांत अभ्यासेतर उपक्रम म्हणून चिनी वाद्यवृंद असतो, मूल शाळेच्याच वाद्यावर शिकते, आणि हे वृंद सर्व वंशांच्या मुलांना खुले असल्याने चिनी मुलांच्या बरोबरीने मलय आणि भारतीय मुलेही त्यांत आढळतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी ही संधी दवडू नये. अमेरिकेत, विशेषतः सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात, शनिवार-रविवारच्या चिनी भाषाशाळांतून आणि किशोरांच्या वाद्यवृंदांतून सोय होते.

या सगळ्यावर छाया आहे ती परीक्षांची. गेल्या शतकाच्या अखेरीपासून चीनमध्ये श्रेणी-परीक्षांचा मोठा विस्तार झाला. नऊ-दहा श्रेणी, प्रत्येकीच्या नेमलेल्या रचना, शेवटी सनद. सिंगापुरातही नान्यांग अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्स आणि पेकिंगचे मध्यवर्ती संगीत महाविद्यालय मिळून अशाच परीक्षा घेतात. प्रारंभिक ते विशारद ही आपल्याकडील चढण ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. परीक्षा स्वतः वाईट नाही. तिच्यामुळे दूरच्या गावातील मुलालाही क्रमबद्ध अभ्यास मिळतो आणि सामान्य शिक्षकाच्या लहरीला आळा बसतो. परंतु तीन नेमलेल्या रचना वर्षभर घोटून मूल पुढल्या श्रेणीत ढकलावयाचे, असा शिरस्ता पडला की सहाव्या श्रेणीची सनद भिंतीवर असलेल्या मुलाला साधे लोकगीत ऐकून वाजवता येत नाही, आणि घोड्या सरकवून वाद्य लावण्याचे कामही शिक्षक आल्याखेरीज होत नाही.

तेव्हा शिक्षक पाहावयास जाणाऱ्या पालकाने त्याच्या भिंतीवरील दाखले वाचण्यात वेळ न दवडता त्याच्या दोन-तीन वर्षांच्या जुन्या विद्यार्थ्यांना वाजवताना ऐकावे. विद्यार्थी वाद्य स्वतः लावतो का? दाबून काढलेला मध्यम सुरात लागतो का? परीक्षेबाहेरची एखादी धून त्याला येते का, आणि चार मुले मिळून वाजवण्याचा प्रसंग त्या वर्गात कधी येतो का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर शुल्क थोडे अधिक असले तरी कबूल करावे. पहिली दोन वर्षे समोरासमोरचीच तालीम बरी. संगणकावरून घेतलेले धडे दूर राहणाऱ्यांना उपकारक आहेत खरे, पण संभाषणासाठी बनवलेल्या त्या यंत्रणेला एर्हूचा लांबवलेला स्वर पार्श्वभूमीचा गोंगाट वाटतो आणि ती तो दाबून टाकते. ध्वनी गाळण्याची सोय बंद केल्यावाचून शिक्षकाला काही धड ऐकू जात नाही.

वाद्य लगेच विकत घेऊ नये. जेथे भाड्याने मिळते तेथे सहा महिने भाड्यानेच वापरावे. एर्हू घेताना एक दक्षता अवश्य घ्यावी. तिच्या तोंडावर परंपरेने अजगराचे कातडे मढवतात, आणि ब्रह्मदेशी अजगर हा वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात नोंदलेला असल्याने असे वाद्य परदेशी नेताना योग्य परवाना जवळ नसेल तर जकात अधिकारी ते अडकवून ठेवू शकतात. हाँगकाँग चायनीज ऑर्केस्ट्राने कातड्याऐवजी पॉलिएस्टरचे पटल वापरून या जातीची वाद्ये तयार केली आहेत व ती आपल्या वृंदात प्रचारातही आणली आहेत. ज्यांना मुलासह वारंवार देशांतर करावे लागते त्यांनी अशा कृत्रिम पटलाच्या वाद्याचीच चौकशी करावी, आणि कातड्याचेच घ्यावयाचे ठरले तर दुकानदाराकडून त्याचे कागद खरेदीच्या वेळीच मागून घ्यावेत.