रस प्या, पण ट्रे काढून!

पुरुषोत्तमनगरची ओळख शहादा तालुक्यात कुणालाही विचारा, उत्तर एकच : कारखाना. सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचं हे गाव. गाळप सुरू झालं की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, हवेत मळीचा वास आणि ट्रॉलीतून कांडं ओढायला टपलेली पोरं. अशा गावात बसून दातांवर लिहायचं, तर बाजू कुणाची घ्यायची, साखरेची की दातांची? आपण दातांची घेऊ. साखरेची बाजू घ्यायला सहकार खातं आहे.

विषय आहे अलाइनरचा. दातांना तारा लावणं, म्हणजे आपल्याकडची ‘क्लिप बसवणं’, सगळ्यांच्या ओळखीचं. त्याची ही पारदर्शक बहीण. प्लॅस्टिकचा पातळ ट्रे दातांवर चढवायचा, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही आणि आत वाकडे दात हळूहळू रांगेत येतात. त्यातल्या काही गमती, काही गोम.

पाव मिलिमीटरचा प्रवास

एक ट्रे दात सरकवतो साधारण पाव मिलिमीटर. बस्स. मग एक-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे, पुन्हा पाव मिलिमीटर. असे दहा-वीस, कधी चाळीसहून जास्त ट्रे.

पण हाडात रुतलेला दात सरकतो कसा? मुळात तो हाडात रुतलेला नसतोच. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये बारीक धाग्यांचा एक थर असतो आणि तान्हं बाळ झोळीत असावं तसा दात त्यात टांगलेला असतो. एका बाजूने सतत हलका दाब आला की त्या बाजूचं हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात. दुसऱ्या बाजूला रिकाम्या झालेल्या जागेत हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. म्हणजे दात हाडातून घुसत जात नाही, हाडच त्याला वाट करून देतं. या पेशींना घाई चालत नाही. जोर जास्त लावला तर काम लवकर होत नाही, उलट दाताचं मूळ झिजू शकतं.

आणि ट्रे नुसता घालून भागत नाही. डॉक्टर काही दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात. त्यांना म्हणतात अटॅचमेंट. गुळगुळीत दाताला फिरवायचं तर ट्रेला पकड हवी ना! जागा कमी असेल तर दोन दातांच्या मधून बारीक पट्टी फिरवून इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, जरासं घासतात. ऐकून अंगावर काटा येतो, पण ते मिलिमीटरच्या अंशात असतं.

आधी बोट, मग प्लॅस्टिक

दात ढकलायची कल्पना किती जुनी? पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाचा लेखक सांगून गेला : दुधाचा दात पडायच्या आधीच नवा उगवला, तर जुना काढा आणि नवा रोज बोटाने दाबत जागेवर आणा. अलाइनरचा पहिला अवतार म्हणजे आईचं बोट! फी शून्य.

पुढे १७२८ मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी दंतशास्त्रावरचा मोठा ग्रंथ काढला. त्यात नालेच्या आकाराची धातूची पट्टी आहे. वाकडे दात दोऱ्याने तिला बांधायचे. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी जबडे एकमेकांवर कसे बसतात याचे तीन वर्ग पाडले. आजही डॉक्टर तुमच्या फाइलवर ‘क्लास टू’ लिहितात तेव्हा ते अँगलसाहेबांचंच नाव घेत असतात. १९४५ मध्ये हॅरॉल्ड केसलिंग यांनी रबराचं एक साधन केलं. उपचाराच्या शेवटी उरलेसुरले दात ते जागेवर आणायचं. अशा साधनांची मालिका केली तर मोठी हालचालही जमेल, हे त्यांनी तेव्हाच म्हणून ठेवलं होतं.

मालिका करायला मात्र कॉम्प्युटर यावा लागला. झिया चिश्ती हा स्टॅनफर्डचा मॅनेजमेंटचा विद्यार्थी. दातांचा उपचार संपल्यावर त्याला रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं साधन, घालायला दिला होता. चार दिवस घालायचं राहिलं की दात किंचित सरकायचे, परत घातला की जागेवर यायचे. हा प्रकार जगातल्या रिटेनर विसरणाऱ्या प्रत्येक माणसाने पाहिलेला आहे. चिश्तीने त्यातून १९९७ मध्ये केल्सी वर्थ हिच्यासोबत कंपनी काढली आणि इन्व्हिजलाइन हा अलाइनर बाजारात आला. दोघांपैकी एकही दातांचा डॉक्टर नव्हता!

रसवंतीपाशी धोका

आता मुद्द्याचं. गंमत इथे संपते आणि लोकांचे दात इथेच किडतात.

उसाच्या रसाच्या एका पेल्यात, पेला दोनशे मिलिलिटरचा धरला तर, सहा-सात चमचे साखर सहज असते. मोठ्या माणसाने दिवसभरात वरची साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. म्हणजे एका पेल्यात दिवसाचा कोटा संपला. तरी नुसता रस प्यायलात तर तोंडातली लाळ मदतीला धावते; ती साखर धुते, आम्ल सौम्य करते. ट्रे घालून रस प्यायलात तर? रस ट्रेच्या आत शिरतो, लाळ बाहेरच अडते. साखर, जंतू आणि दात, तिघं एका बंद खोलीत. जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात, तोंडातला पीएच साडेपाचच्या खाली घसरला की इनॅमलमधले क्षार विरघळायला लागतात. इनॅमलमध्ये जिवंत पेशीच नसते. हाड मोडलं तर जुळतं, इनॅमलचा खड्डा भरून येत नाही.

किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे दाताला जास्त लागतं. स्वीडनमधल्या विपेहोम रुग्णालयात १९४५ पासून काही वर्षं यावर प्रयोग झाले. जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांपेक्षा मधल्या वेळी चिकट टॉफ्या चघळणाऱ्यांचे दात कितीतरी जास्त किडले. प्रयोग केला तो मतिमंद रुग्णांवर, त्यांना न विचारता. ज्ञान मोठं, रीत लाजिरवाणी.

तेव्हा रसवंतीवर गेलात तर आधी ट्रे डबीत. पेला एका बैठकीत संपवा, तासभर घोट घोट करत बसू नका. मग पाण्याने खळखळून चूळ आणि मगच ट्रे. दात घासायचे असतील तर अर्धा तास थांबा. आम्लाने मऊ झालेल्या इनॅमलवर लगेच ब्रश फिरवणं बरं नाही.

ऊस खायचा की प्यायचा? सुश्रुतांना विचारा

दातांनी चावून काढलेला रस आणि यंत्रात पिळलेला रस वेगळा, असं सुश्रुतसंहितेत स्पष्ट सांगितलंय. चावून खाल्लेला बरा, यंत्रातला पचायला जड आणि जळजळ करणारा. कारण उघड आहे, यंत्रात मूळ, शेंडा, गाठी, मळ सगळं एकत्र पिळलं जातं. चरख्यावरच्या माश्या त्यांनीही पाहिल्या असणार.

तारा लावलेल्यांना ऊस बंद. अलाइनरवाल्यांना ट्रे काढून खायला मोकळीक, पण साल दातांनी सोलायची नाही. अटॅचमेंट निघून सालीबरोबर थुंकली जाते. कोयत्याने सोलून गंडेऱ्या करा.

सारंगखेड्याचे दंततज्ज्ञ

आपल्याच तालुक्यात, तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथले जाणकार आधार कार्ड मागत नाहीत, घोड्याचा ओठ वर करतात. अडीच, साडेतीन आणि साडेचार या वयांच्या आसपास घोड्याचे पुढचे दुधाचे दात जोडी-जोडीने पडून पक्के येतात. पाचव्या वर्षी तोंड भरलं. पुढे दातांवरचे खळगे झिजत जातात, त्यावरून आठ वर्षांपर्यंत अंदाज बसतो. दहाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षी निम्म्यावर आणि विसाव्या वर्षी टोकापर्यंत पोचते. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. नराला बहुधा ४० दात, घोडीला ३६. सुळे सहसा नरालाच.

युरोपातले लबाड व्यापारी म्हाताऱ्या घोड्याच्या झिजलेल्या दातांवर नवे खळगे कोरून, ते डाग देऊन काळे करून घोडा तरुण म्हणून खपवायचे. कॉस्मेटिक डेंटिस्ट्री माणसांच्या आधी घोड्यांनी भोगली म्हणायची.

आणि हो, ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ अशी म्हण आहे. पण गाय धर्माची असो की रोखीची, तिला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. तक्रार करणाऱ्याने गाय कधी नीट पाहिली नसावी.

म्हातारीचे केस कुणी काढले?

जत्रेतले गुलाबी म्हातारीचे केस करायचं यंत्र १८९७ मध्ये अमेरिकेत तयार झालं. करणारे दोघं : जॉन व्हॉर्टन हा मिठाईवाला आणि विल्यम मॉरिसन हा… दातांचा डॉक्टर. १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात या केसांचे हजारो डबे विकले गेले. गंमत अशी, की अँगलसाहेबांनी दात सरळ करायचं शिक्षण देणारी शाळा काढली तीही याच सेंट लुइसमध्ये, १९०० साली.

बावीस तासांचं गणित

ट्रे दिवसाला २० ते २२ तास तोंडात हवा. राहिले दोन ते चार तास. आता आपला दिवस मांडा : सकाळचा चहा, न्याहारी, दुपारचं जेवण, चारचा चहा, कुणीतरी भेटलं म्हणून टपरीवरचा कटिंग, रात्रीचं जेवण. टपरीवर चहा पाच मिनिटं आणि गप्पा पाऊण तास; तेवढा वेळ ट्रे खिशात. उपचार लांबला की मग डॉक्टरांवर खापर.

‘ट्रे घालूनच चहा घेतो’ हा उपाय नाही. गरम चहाने प्लॅस्टिकचा आकार बिघडतो, चहाचा रंग चढतो, साखर आत अडकते ती वेगळीच. शेवभाजी, वांग्याचं भरीत, नंदुरबारच्या मिरचीचा ठेचा, कळण्याची भाकरी, सगळं खा, पण ट्रे काढून. हळद प्लॅस्टिकवर बसली की उठत नाही. पारदर्शक ट्रे दुपारी पिवळा आणि खर्च केला तो ‘दिसू नये’ म्हणून! ट्रे धुवायचा साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने. गरम पाण्यात उकळायचा नाही.

जीभ अडखळली तर

पहिले काही दिवस ‘स’ आणि ‘च’ जरा घसरतात. सराव म्हणून आरशासमोर दहा वेळा म्हणा : सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना. इतके ‘स’ एका दमात दुसऱ्या कारखान्याच्या नावात सहसा मिळणार नाहीत.

मशेरीचं काय?

दात घासायच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला भारतात १९९२ पासून बंदी आहे. तव्यावर तंबाखू भाजून घरी केलेली मशेरी मात्र अजून चुलीपाशी सापडते. तिने दात साफ होत नाहीत, व्यसन लागतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हिरड्या सुजलेल्या, दात हलणारे असतील तर अलाइनर नंतर, आधी हिरड्या.

फोटो पाठवा, दात मिळवा?

घरबसल्या दातांचा साचा पाठवायचा आणि टपालाने ट्रे मागवायचे, हा धंदा अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीने २०१४ पासून जोरात केला. डिसेंबर २०२३ मध्ये ती बंद पडली आणि हजारो लोक अर्ध्या सरकलेल्या दातांनिशी अधांतरी राहिले. तोंडात प्रत्यक्ष डोकावल्याशिवाय, एक्स-रे काढल्याशिवाय दात सरकवणं धोक्याचं. विचारायचा प्रश्न एकच : डॉक्टर ऑर्थोडॉन्टिस्ट आहेत का? म्हणजे बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस याच विषयात केलंय का? धुळ्याला एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयांच्या ओपीडीत तारांचा उपचार खासगी दवाखान्यापेक्षा सहसा बराच स्वस्त पडतो. सगळ्यांना प्लॅस्टिकच हवं असं नाही. गुंतागुंतीच्या दातांना कधीकधी ताराच जास्त चांगलं काम करतात, हे प्रामाणिक डॉक्टर स्वतःहून सांगतात.

ट्रे हरवला!

ट्रे हरवायच्या दोन ठरलेल्या जागा. एक, लग्नाची पंगत : कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला, ताट उचललं, ट्रे गेला. दुसरी, घरचा कुत्रा : माणसाच्या लाळेचा वास असलेलं प्लॅस्टिक त्याला फार आवडतं. म्हणून डबी खिशातच हवी आणि आधीचा ट्रे फेकायचा नाही. नवा हरवला तर लगेच डॉक्टरांना फोन करा. ते बहुधा मागचा घालायला सांगतील किंवा थेट पुढच्यावर नेतील. आपल्या मनाने पुढचा चढवून बघू नका. आणि उपचार संपल्यावर रिटेनर मिळेल, तो रात्रीचा घालायचाच, कित्येकांना वर्षानुवर्षं. हिरड्यांतले धागे दाताला जुन्या जागी ओढत राहतात. चार रात्री विसरलात तर कळेलच. फक्त त्यातून कंपनी निघेलच असं नाही.