बोट धक्क्याला लागल्यावर

क्रूझचा शेवटचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. गोव्याहून मुंबईकडे निघालेल्या जहाजावर गाणी-नाच चालू असतानाच केबिनमध्ये सूचनेचा कागद आणि बॅगांना बांधायच्या रंगीत चिठ्ठ्या येऊन पडतात. मोठ्या बॅगा मध्यरात्रीच्या आत दाराबाहेर ठेवायच्या, त्या उतारूंना थेट धक्क्यावर मिळतात. चिठ्ठीच्या रंगावरून उतरायचा क्रम ठरतो. सराईत प्रवासी सकाळचे कपडे, औषधे आणि ओळखपत्र हातातल्या पिशवीत ठेवतो. नवख्याला ही गोष्ट बॅग गेल्यावर आठवते. जहाजावरचा सगळा खर्च खोलीच्या कार्डावर चढत असल्यामुळे तो हिशेबही त्याच रात्री मिटवावा लागतो, आणि स्वागतकक्षासमोर रांग लागते.

गोव्याचे मार्मागोवा बंदर ते मुंबई हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल आहे. विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग रात्रीच्या अंधारात मागे पडतात. पहाटे डेकवर येणाऱ्याला उजव्या हाताला खांदेरी भेटते. शिवाजी महाराजांनी १६७९ साली या बेटावर तटबंदी सुरू केली आणि मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचे ठाणे नको म्हणून इंग्रजांचे आरमार त्यावर चालून गेले. बेट मात्र मराठ्यांकडेच राहिले. आज तिथला १८६७ सालचा दीपस्तंभ बंदरात शिरणाऱ्या जहाजांना वाट दाखवतो. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ मराठा किल्ल्यांत हे तिन्ही जलदुर्ग आहेत. शेवटच्या सकाळी ब्रेकफास्टच्या रांगेपेक्षा डेकचा कठडा गाठावा तो याचसाठी.

पुढे बंदराचा पायलट छोट्या लाँचमधून येऊन दोराच्या शिडीने वर चढतो. कप्तान कितीही मुरलेला असला, तरी इथला गाळ, भरती-ओहोटी आणि बुडालेले खडक पायलटला अधिक ठाऊक असतात. मग टगबोटी जहाजाला हलके हलके धक्क्याशी लावतात.

उतारूंची सुट्टी संपते, त्याच वेळी खलाशांचा सर्वांत कष्टाचा दिवस सुरू होतो. सकाळी एक जत्था उतरणार आणि दुपारी दुसरा चढणार. मधल्या काही तासांत प्रत्येक खोलीची चादर बदलायची, कचरा उतरवायचा, भाजीपाला, पाणी आणि इंधन भरायचे. नव्या उतारूंना संकटकाळी कुठे जमायचे याची कवायतही द्यायची असते. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ ही क्रूझ बोट आडवी झाली, त्यानंतर नियम कडक झाले आणि २०१५ पासून ही कवायत निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक झाले.

या नोकरीत गोव्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोकणीत त्यांना तारवटी म्हणतात. मुंबईत बोटीची वाट पाहत राहण्यासाठी त्यांनी धोबीतलाव परिसरात गावागावाचे क्लब काढले. या क्लबांना ‘कूड’ म्हणतात. ओळीने लावलेल्या पेट्या, भिंतीशी देव्हारा, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि नाममात्र भाडे, अशी त्यांची व्यवस्था असे. मुंबईच्या बंदराचा इतिहास बहुधा गव्हर्नरांच्या नावाने सांगितला जातो. तो कुडांच्या नोंदवह्यांवरूनही लिहिता येईल.

जहाज लागते ते बॅलार्ड पियरच्या बाजूला, इंदिरा गोदीलगत. नव्या क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. तिथे ७२ काउंटर आहेत आणि वर्षाला १० लाख प्रवाशांची सोय धरलेली आहे. देशांतर्गत फेरीला पारपत्राची तपासणी नसते, त्यामुळे उतारू लवकर बाहेर पडतो आणि बहुतेक वेळा लगेच टॅक्सीत बसतो. तिथेच तो चुकतो. कारण दाराबाहेरची वस्ती बंदराच्याच कामातून उभी राहिलेली आहे.

इंदिरा गोदी म्हणजे १९१४ सालची अलेक्झांड्रा गोदी. ती खोदताना निघालेल्या मातीने समुद्र बुजवून सुमारे २२ एकर जमीन तयार झाली, ती बॅलार्ड इस्टेट. पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचे नाव तिला मिळाले आणि आखणी वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी केली. सरळ रुंद रस्ते, एका उंचीच्या दगडी इमारती आणि त्यांत जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या. मुंबईत इतका शिस्तीचा तुकडा क्वचितच सापडेल. विलायतेची मेल बोट इथे लागली, की साहेब धक्क्यावरच्या स्थानकातून थेट आगगाडीत बसत. पेशावरला जाणारी फ्रंटियर मेल १९२८ साली सुरू झाली, तीही या टपालाच्या आणि उतारूंच्या जोरावर. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतलेले गांधीजी २८ डिसेंबर १९३१ रोजी उतरले तेही याच धक्क्यावर.

याच विटेट यांनी गेटवे ऑफ इंडियाही बांधला. पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये अपोलो बंदरावर उतरले तेव्हा तिथे फक्त पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. खरी कमान पुरी होऊन खुली झाली ती ४ डिसेंबर १९२४ रोजी. तोवर मोठ्या बोटी बॅलार्ड पियरला लागू लागल्या होत्या. गेटवे म्हणजे हारतुरे लावलेला दर्शनी दरवाजा. घरातली माणसे ये-जा करत ती बॅलार्ड पियरच्या दाराने. छायाचित्रे मात्र आजही गेटवेचीच निघतात.

बंदराच्या ग्रीन गेटमधून बाहेर पडून पायी निघाले, तर अर्ध्या दिवसात बरेच पाहून होते. बॅलार्ड इस्टेटमध्येच १९२३ सालचे ‘ब्रिटानिया’ हे इराणी उपाहारगृह आहे. तिथला बेरी पुलाव दुपारीच गाठायला हवा. पुढे हॉर्निमन सर्कल आणि त्याच्यासमोर १८३३ साली पुरी झालेली टाउन हॉलची इमारत. तिच्या पायऱ्या चढून गेल्यावर एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय लागते. दुर्गाबाई भागवतांच्या वाचनाचे आणि संशोधनाचे हे ठिकाण. जवळच सेंट थॉमस कॅथीड्रल आहे, १७१८ सालचे. जुन्या मुंबईतले मैलांचे दगड याच देवळापासून मोजलेले होते. घारापुरीला जायचे तर गेटवेवरून लाँच मिळते आणि साधारण तासाभराचा प्रवास असतो. लेणी सोमवारी बंद असतात, हे बोटीत बसण्याआधी पाहिलेले बरे.

या सगळ्या वाटेवर मराठी चाकरमान्याची बोट मात्र दिसत नाही. रत्नागिरी, मालवण आणि पणजीच्या आगबोटी सुटत त्या उत्तरेला दोनेक किलोमीटरवर असलेल्या भाऊच्या धक्क्यावरून. पावसाळ्यात ती वाहतूक बंद राही, आणि क्रूझचा हंगामही मुंबईत पावसाळा टाळूनच चालतो. भाऊच्या धक्क्यावर आता पहाटे मासळीचा लिलाव चालतो, रेवसच्या लाँच लागतात, आणि मार्च २०२० पासून मांडव्याला मोटारींसह माणसे नेणारी रो-रो बोटही तिथूनच सुटते.