पडद्याआडचा डॉक्टर

शस्त्रक्रिया चालू असते, रुग्ण भुलीखाली असतो. गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत जातो. तो गोठवून, तलम काप घेऊन, रंगवून सुमारे २० मिनिटांत शल्यविशारदास कळवावे लागते: कर्करोग आहे की नाही? १९०५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. लुई विल्सन यांनी ही रीत बसविली. अवयव किती काढावा हे पुष्कळदा या उत्तरावर ठरते, आणि ते देणारा विकृतितज्ज्ञ रुग्णास बहुधा दिसतही नाही.

तेथे तीन-चार वर्षांच्या निवासी शिक्षणानंतर असे कित्येक डॉक्टर शल्यविकृतिशास्त्राची आणखी एक वर्षाची फेलोशिप घेतात. ग्रंथ तोवर वाचून झालेले असतात. आता निदान आधी स्वतः करावयाचे, मग ज्येष्ठांसमवेत तीच काच सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहावयाची. गोठविताना बर्फाच्या कणांनी पेशी विरूप होतात. म्हणून 'आत्ता सांगता येत नाही, मेणातील कापाची वाट पाहा' असे म्हणण्याचे धैर्यही शिकावे लागते. (आम्हां शिक्षकांच्या परीक्षेत अशा उत्तरास शून्य गुण!)

मुंबईस १९४१ साली उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी या शास्त्राचा पाया घातला. आज तेथेही असे उच्च शिक्षण मिळते. निदानाविषयी शंका असल्यास आप्ताच्या काचा व मेणाचे ठोकळे रुग्णालयाकडून मागून दुसऱ्या तज्ज्ञास दाखविता येतात, हे आमच्या वाचकांनी ध्यानी ठेवावे.