जनरेटर थरथरतोय? दर वेळी दोष बेअरिंगचाच नसतो

बेळगाव : गाळप हंगाम भरात असताना कारखान्याच्या सहवीज प्रकल्पातला जनरेटर थरथरू लागला, की पहिला संशय जातो बेअरिंगवर. बेअरिंग उघडायचे, अलाइनमेंट बघायची, रोटर बॅलन्स करायचा. तोवर बाहेर गाड्यांची रांग वाढते, तोडलेला ऊस वाळतो आणि वजनातली घट शेतकऱ्याच्या माथी बसते. एवढे करूनही लोड घेताच थरथर परत आली, तर दुखणे वाइंडिंगमध्ये असू शकते.

रोटरवर तांब्याचे वेढे असतात आणि दोन वेढ्यांमध्ये इन्सुलेशन. उष्णता, धूळ, वारंवार चालू-बंद यांनी ते झिजते. वेढे एकमेकांना टेकले की तेवढे वेढे कामातून जातात. पण मशीन बंद पडत नाही, वीजही तयार होत राहते. गफलत होते ती इथेच.

मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या जनरेटरच्या रोटरवर चार चुंबकीय ध्रुव असतात. समोरासमोरचे दोन ध्रुव सारख्याच ताकदीने स्टेटरकडे ओढतात, रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असावेत तसे. एका ध्रुवाचे वेढे शॉर्ट झाले की तो कमजोर पडतो. ही ओढ चुंबकीय घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे घनता 10 टक्के घटली, तर ओढ 19 टक्के घटते. मग रोटर समोरच्या बाजूला खेचला जातो. हा ताण रोटरबरोबरच फिरतो, म्हणून बेअरिंगला सेकंदाला 25 हिसके बसतात. वजनाचा तोल बिघडला तरी हिसके 25च! फिटरची चूक म्हणावी तरी कशी?

3000 फेऱ्यांच्या दोन ध्रुवी मशीनमध्ये हा ओढीचा फरक फारसा पडत नाही. तिथे रोटर एका बाजूने कमी तापतो, किंचित वाकतो आणि थरथर हळूहळू चढते.

स्टेटरची गोष्ट वेगळी. तो धडधाकट असतानाही सेकंदाला 100 वेळा कंप पावतो. जनरेटरची घुमघुम त्यातलीच. त्याचे वेढे शॉर्ट झाले की बंद वळशातून प्रचंड करंट फिरतो, कंप वाढतो. पण तिथे बघत बसायला वेळ मिळत नाही, वाइंडिंग लवकर जळते.

रोटरचा दोष ओळखायला आधी काही उघडावे लागत नाही. लोड स्थिर ठेवून एक्सायटेशन मर्यादेत थोडे कमी-जास्त करायचे. थरथर लगेच बदलली तर कारण चुंबकीय, सावकाश बदलली तर उष्णतेचे. बदललीच नाही, तर खुशाल बेअरिंग उघडावे. रोटर अर्थ फॉल्टचा अलार्म वाजत असेल, तर मात्र असले प्रयोग नकोत. एका ठिकाणी अर्थ झाले तरी मशीन चालते. दुसऱ्या ठिकाणी झाले, तर वाइंडिंगचा मोठा भाग एकदम निकामी होतो आणि थरथर मशीन मोडण्यापर्यंत जाऊ शकते.

दुसरी खूण लॉगबुकात सापडते. तेवढाच लोड, तोच पॉवर फॅक्टर, पण एक्सायटेशन करंट गेल्या हंगामापेक्षा जास्त लागतो. अर्थात, तो रकाना मागच्या तासाचा आकडा बघून भरलेला नसेल तर.