औषध टाकलं, पाणी राहिलं

मातीखालचं जग : लेखांक ९

गेल्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एडिसनला मावसबहिणीकडे होतो. तिच्या घरामागच्या लॉनवर चार-पाच तपकिरी चट्टे पडले होते. "ऑगस्टमध्येच औषध टाकलंय रे, पाकिटावर लिहिलंय तेवढं मोजून," ती म्हणाली. चट्ट्याच्या कडेला खुरप्यानं तीन बाजूंनी काप दिला आणि गवत ओढलं, तर ते सतरंजी गुंडाळावी तसं अलगद उलटलं. मुळं शिल्लकच नव्हती. वीतभर जागेत नऊ अळ्या : पांढुरक्या, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, डोकं विटकरी, मागचा भाग पोटातल्या मातीनं काळसर. आणि पात्यांच्या बुडाशी औषधाचे दाणे, टाकले तसेच पडलेले.

"टाकल्यावर पाणी दिलं होतंस?"

"आभाळ भरून आलं होतं. म्हटलं, पाऊस येईलच."

पाऊस आला नव्हता.

आपल्याकडे अशाच मुळं खाणाऱ्या अळीला हुमणी म्हणतात, आणि ती काय हे ऊस पिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. वळीव पडला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंबावर, बाभळीवर जमतात आणि मग मादी मातीत अंडी घालते. एडिसनच्या लॉनखालची जात वेगळी. ती जपानी भुंगेऱ्याची, अमेरिकेत पहिल्यांदा सापडली ती याच राज्यात, रिव्हर्टनजवळच्या एका रोपवाटिकेत, १९१६ साली. पण मुळं खाण्याची सवय तीच आणि मातीतल्या ओलीवर सगळं आयुष्य बेतलेलं, तेही तसंच.

लॉनची अडचण मात्र उसाच्या सरीत नसते. हिरवं पातं आणि माती यांच्या मधे मेलेल्या काड्या, जुनी मुळं, आडवे फुटवे यांचा एक दाट थर साचतो. तिकडे त्याला थॅच म्हणतात. बोटानं दाबला तर गादीसारखा दबतो. कीटकनाशक सेंद्रिय पदार्थाला चिकटतं आणि हा थर म्हणजे निव्वळ सेंद्रिय पदार्थ. अळी असते त्याच्या खाली, मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत. वरून टाकलेलं औषध या गादीत अडकलं की बाटली कितीही महाग असो, अळीला त्याचा पत्ताच लागत नाही. औषध खाली नेणारं एकच वाहन आहे, ते म्हणजे पाणी.

प्रत्येक औषध या वाहनात सारखंच बसतं असंही नाही. एक लिटर पाण्यात इमिडाक्लोप्रिड सुमारे ६०० मिलिग्रॅम विरघळतं, क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल जेमतेम १ मिलिग्रॅम. म्हणून हे दुसरं औषध अळ्या दिसल्यावर टाकून भागत नाही. ते एप्रिल ते जूनमध्येच टाकायचं, म्हणजे अंडी फुटेपर्यंत ते हळूहळू मुळांपर्यंत उतरतं. उलट ट्रायक्लोरफॉन पाण्यात सहज विरघळतं, झटकन मारतं आणि थोड्याच दिवसांत निकामी होतं. त्याला उशिरा पाणी देणं म्हणजे ते न टाकल्यासारखंच. बहिणीनं टाकलं होतं ते हेच.

पाणी किती, याचं तिकडचं नेहमीचं माप अर्धा इंच, म्हणजे साधारण १२ मिलिमीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, त्या हिशेबानं दर चौरस मीटरला १२ लिटर. फवारा किती वेळ चालवायचा हे कुणी सांगू शकत नाही, कारण प्रत्येक नळाचा जोर वेगळा. आम्ही सरळ भिंतीचे पाच रिकामे डबे लॉनवर मांडले, वीस मिनिटं फवारा सोडला आणि पट्टी घालून मोजलं. कुंपणाकडच्या डब्यात पाणी जवळजवळ निम्मंच होतं. सर्वांत मोठा चट्टाही तिथंच होता. तिथं फवारा जास्त वेळ चालवायचं ठरवलं. उतारावर किंवा चिकण मातीत एकदम पाणी सोडलं तर ते औषधासकट गटारात जातं. तिथं दोन हप्त्यांत, मधे तासभर थांबून द्यावं. मुसळधार पावसाच्या भरवशावर टाकणंही याच कारणानं वाईट.

औषधाआधीचं पाणी बहुतेक जण विसरतात. जमीन तापून कोरडी पडली की अळ्या ओलीच्या मागे खोल जातात. आदल्या दिवशी भिजवली तर त्या वर येतात आणि औषधाला उतरायचं अंतर कमी होतं. आपण वाफशावर आळवणी करतो, त्या सवयीच्या माणसाला हे लगेच पटेल.

जुलैमध्ये मात्र हेच पाणी उलटतं. मादी अंडी घालायला ओलसर माती शोधते, आणि अंडं मातीतली ओल शोषून फुगल्याखेरीज वाढत नाही. शेजारपाजारची लॉन सुकलेली असताना आपलीच हिरवीगार ठेवली, तर सगळा गाव आपल्याकडे अंडी घालायला येतो. माझं मत स्पष्ट आहे : जुलैत लॉन पिवळं पडू द्यावं. तिकडचं थंड हवेतलं गवत मरत नाही, झोपतं, आणि पावसानं पुन्हा उठतं. सप्टेंबरात पाणी पुन्हा मदतीला येतं, कारण ओल असेल तर अर्धीमुर्धी मुळं उरलेलं गवतही तग धरतं.

मधमाश्यांचंही पाण्याशी नातं आहे. लॉनमध्ये पांढरा क्लोव्हर फुलतो, त्यावर मधमाश्यांच्याच कुळातले भुंगे (बम्बलबी) येतात. केंटकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं, की इमिडाक्लोप्रिड फुलांवर कोरडं राहिलं तर भुंग्यांच्या वसाहती खंगतात, तेच औषध लगेच पाण्यानं खाली उतरवलं तर तसा अपाय दिसला नाही. तरीही फुलं असतील तर आधी गवत कापावं, असं मला वाटतं. न्यू जर्सीनं तर २०२२ साली कायदा करून इमिडाक्लोप्रिडच्या गटातल्या (निओनिकोटिनॉइड) औषधांच्या शेतीबाहेरच्या वापरावर कडक निर्बंध घातले.

बहिणीनं शनिवारी संध्याकाळी लॉन भिजवलं, रविवारी सकाळी दाणे टाकले आणि पाठोपाठ डबे मांडून फवारा सोडला. आठवड्यानं त्याच चट्ट्याच्या दुसऱ्या कडेला पुन्हा काप दिला. दोन अळ्या निघाल्या, दोन्ही तपकिरी, मऊ पडलेल्या. सप्टेंबर संपायच्या आत तिनं उघड्या पडलेल्या जागेवर नवं बी टाकलं, आणि कुंपणाकडच्या पट्ट्यात फवारा दहा मिनिटं जास्त ठेवला.