विश्लेषण : आजीच्याच गोष्टीतून आजी वाचायला कशी शिकेल?

कागदाच्या तळाशी सही करता येते, पण वर काय लिहिले आहे ते वाचता येत नाही, अशी माणसे आजही अनेक घरांत आहेत. सही त्यांनी चित्रासारखी गिरवून पाठ केलेली असते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सात वर्षांवरील लोकसंख्येत साक्षरता ८२.३ टक्के होती, स्त्रियांमध्ये ७५.९ टक्के. म्हणजे साधारण चारपैकी एक स्त्री निरक्षर. साठीतल्या बाईला नातवाची अंकलिपी देऊन 'अ अननसाचा' म्हणायला लावले, तर तिला संकोच वाटणारच. मग सुरुवात कुठून करायची? तिच्याच बोलण्यातून.

गोष्टच का?

लहान मूल अक्षरांसोबत नवे शब्दही शिकत असते. मोठ्या माणसाचे तसे नाही. पेरणी, बाळंतपण, उसनवारी, गावची जत्रा यांवर आजी तासभर बोलू शकते. भाषा तिच्याकडे भरपूर आहे, फक्त तिची चिन्हे ओळखीची नाहीत. स्वतः सांगितलेले वाक्य समोर आले, की अर्थ आधीच माहीत असतो आणि सगळे लक्ष अक्षरांवर देता येते.

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी १९६३ मध्ये आंगिकोस या गावात मजुरांना शिकवताना असाच मार्ग धरला. वीट यांसारखा रोजच्या कामातला शब्द घ्यायचा, त्यावर गप्पा मारायच्या आणि मग त्याची फोड करून त्यातून नवे शब्द बनवायचे. त्यांनी हे वर्गात केले. घरात ते आणखी सोपे आहे.

घरी नेमके काय करायचे?

आजीला एखादा प्रसंग सांगायला सांगा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करा. त्यातली तीनच वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहा. उदाहरणार्थ, 'नदीला पूर आला. आम्ही घर सोडलं. गाय मागं राहिली.' ती 'व्हतं' म्हणाली असेल, तर 'व्हतं'च लिहा. पहिल्याच दिवशी तिची बोली सुधारायला गेलात, तर ती बोलायचीच थांबेल.

आता शब्दावर बोट ठेवत सोबत वाचा. 'पूर' आणि 'घर' यांत सारखे अक्षर कोणते, हे तिलाच शोधू द्या. मग याच वाक्यांतल्या न, ग, र या अक्षरांतून 'नगर' तयार होते. एसटीच्या पाटीवर तो शब्द दिसला, तर तिथेच थांबून वाचायला लावा. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. आणि त्याआधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. अक्षर कळत नाही असे वाटते, तेव्हा पुष्कळदा ते दिसतच नसते.

पाठांतर की वाचन?

या पद्धतीतली खरी अडचण हीच. गोष्ट स्वतःची असल्याने आजी कागदाकडे न पाहताही ती धडाधड म्हणून दाखवते आणि घरचे खूश होतात. म्हणून शब्दांच्या चिठ्ठ्या करून त्यांचा क्रम बदला, तेच शब्द वापरून नवे वाक्य लिहा. ते वाचता आले, तरच वाचन झाले.

केवळ लिहून घेणे पुरेसे नाही, याचे ठळक उदाहरण मराठीतच आहे. बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी टिपून ठेवली आणि १९५२ मध्ये, बहिणाबाईंच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. शब्द कागदावर उतरले. ते रचणाऱ्या बहिणाबाईंना मात्र लिहिता-वाचता येत नव्हते.

प्रमाणपत्र मिळते का?

हो. केंद्राच्या 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात (२०२२-२७) १५ वर्षांवरील निरक्षरांना स्वयंसेवक विनामोबदला शिकवतात. परीक्षा १५० गुणांची असते : वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० गुण. गोष्टीतून पहिले दोन भाग सुटतील. हिशेबासाठी मात्र आजीसोबत किराण्याची यादी घेऊन बसावे लागेल. तोंडी बेरजेत ती बहुधा तुमच्याही पुढे असेल. नावनोंदणीची चौकशी जवळच्या शाळेत करता येते.